थापटण्याची परीक्षा

गोरोबाकाकांची गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेली असते. तेर गावी संतांचा मेळा जमला होता. मुक्ताबाईने काकांचे थापटणे पाहिले आणि यांतले मडके कच्चे कोणते, पक्के कोणते, ते पाहायला सांगितले. काकांनी एकेका संताच्या डोक्यावर थापटणे मारले. सगळे शांत राहिले. नामदेव तेवढे रागावले, आणि त्यांचे मडके कच्चे ठरले. हे तेर आमच्या धाराशिव जिल्ह्यातले. त्यामुळेच की काय, कोणतीही वस्तू ठोकून-वाजवून घेण्याची सवय आम्हा लोकांच्या अंगात मुरलेली आहे.

भूमकडचा खवा घेताना आमची सौ. चिमूटभर खवा तळहातावर चोळते आणि तूप सुटते का ते पाहते. तुळजापुरात कवड्यांची माळ घेणारी एखादी म्हातारी कवडी गालाला लावून तिचा गारवा जोखते. प्लॅस्टिकची कवडी कितीही देखणी असली तरी तशी गार लागत नाही. पैठणीचा पदर उलटा करून पाहावा, हे तर मुलीला आईच सांगते. पण अलीकडे आपल्या घरांत एक अशी वस्तू शिरली आहे, की तिची परीक्षा कुणाच्याही आजीने सांगून ठेवलेली नाही. ती वस्तू म्हणजे जपानी चित्रकथांतल्या पात्रांच्या बाहुल्या.

या चित्रकथा पडद्यावर हलू-बोलू लागल्या की त्यांना ‘ॲनिमे’ म्हणतात. नाव नवे वाटले, तरी ओळख तशी जुनीच आहे. नव्वदीच्या दशकात दूरदर्शनवर मोगली पाहायला गल्लीतली पोरे एका घरात दाटीवाटीने बसत, तो मोगली जपानी चित्रकारांच्याच हातचा. युगो साको आणि आपले राम मोहन यांनी मिळून केलेला रामायणाचा चित्रपट १९९२ सालचा; २०२५ च्या जानेवारीत तो आपल्याकडच्या चित्रपटगृहांत पुन्हा लागला. आमची पिढी पाहून उठून गेली. आजची मुले तेवढ्यावर थांबत नाहीत. त्यांना ते पात्र टेबलावर, अभ्यासाच्या वह्यांशेजारी उभे असलेले हवे असते.

आमची कन्या अकरावीत आहे. तिचा जीव ‘डीमन स्लेअर’मधल्या नेझुकोवर. नेझुको म्हणजे दातांत बांबूचे नळकांडे धरलेली, बोलता न येणारी, भावासाठी जीव टाकणारी मुलगी. गेल्या वर्षी भाऊबीजेच्या ओवाळणीतून कन्येने साडेपाचशे रुपयांना ही नेझुको घरपोच मागवली. खोके उघडले. मला बाहुली बरी वाटली. कन्या मात्र बराच वेळ पाहत राहिली आणि हळूच म्हणाली, “बाबा, ही ती नाहीच.”

मग तिने दाखवले तेव्हा दिसले. एक डोळा दुसऱ्याहून किंचित वर होता. कपड्याचा गुलाबी रंग मानेवर उतरला होता. दोन साचे जुळतात तिथली रेघ गालापर्यंत आली होती. खोक्याला रॉकेलसारखा वास होता आणि तळपायाचे भोक बैठकीच्या खुंटीत बसत नव्हते. विक्रेत्याने परत घ्यायला नकार दिला. पैसे गेल्याचे तिला फारसे वाटले नाही. ओळखीच्या माणसाच्या जागी तोतया येऊन बसावा, तसे तिचे झाले. ती बाहुली तिने कपाटात तोंड भिंतीकडे करून ठेवली.

त्यानंतरचे काही महिने तिने या विषयाचा जो अभ्यास केला, तो पाहून तिच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना हेवा वाटला असता. सुटीच्या दिवशी जेवताना एकेक धडा माझ्याही पानात पडे. पहिला धडा खोक्याचा. अस्सल खोक्यावर करणाऱ्या कंपनीचे नाव स्वच्छ छापलेले असते. त्याखाली हक्कधारकांची ओळ असते. नेझुकोच्या ओळीत कथाकार, प्रकाशक शुएइशा, ॲनिप्लेक्स आणि चित्रपट रेखाटणारी युफोटेबल संस्था, अशी सगळी नावे येतात. नकली खोक्यावर ही ओळ पुसट असते, चुकलेली असते किंवा नसतेच. दुसरा धडा चेहऱ्याचा. कंपनीच्या संकेतस्थळावरचे छायाचित्र आणि विक्रेत्याचे छायाचित्र शेजारी ठेवून डोळे, केसांची टोके, रंगांच्या कडा ताडून पाहायच्या. विक्रेता हातातल्या मालाचे छायाचित्र दाखवायला कुरकुरला, तर तिथेच उठावे. तिसरा धडा किमतीचा. पाच हजारांची वस्तू पाचशेला मिळाली तर आपण भाग्यवान ठरत नाही, गिऱ्हाईक ठरतो.

यावर मी प्राध्यापकी शंका काढली, “म्हणजे स्वस्त तेवढे खोटे?” तसेही नाही, म्हणे. जपानमध्ये करमणुकीच्या खेळघरांत यंत्राच्या चिमट्याने उचलून जिंकायच्या बाहुल्या असतात. बॅनप्रेस्टोसारख्या छापाच्या त्या बाहुल्या परवाना घेऊनच केलेल्या, म्हणून अस्सल. फक्त कारागिरी थोडी साधी. ज्याची ऐपत बेताची, त्याने अशी अस्सल साधी वस्तू घ्यावी. भारी वस्तूची नक्कल घेऊ नये. हा नियम मला बाहुल्यांपुरताच वाटला नाही. मुलीच्या लग्नात नकली पैठणी नेसण्यापेक्षा अस्सल इरकल नेसणारी माझी मावशी मला आठवली.

किमतीचे कोडेही तिनेच उलगडले. खेळण्यांवरचे आयातशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ साली ७० वर गेले. शिवाय गुड स्माइलसारख्या कंपन्या पुष्कळदा आधी मागणी नोंदवून घेतात, मग माल घडवतात. वस्तू हाती यायला कित्येक महिने लागतात. बाहेरून आलेल्या वेष्टनावर आयात करणाऱ्याचे नाव, पत्ता, कमाल किंमत आणि मूळ देश लिहिलेला असला पाहिजे, असा आपल्याकडे नियम आहे. फसवणूक झालीच तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्याचा क्रमांक आहे. घरोघरच्या आईबापांनी तो टिपून ठेवावा.

हे सगळे ऐकूनही माझ्या मनात एक प्रश्न उरलाच होता. डोळे नीट रंगवलेली नक्कल उद्या निघाली, अगदी कुणालाही ओळखू न येणारी, तर बिघडले कुठे? या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात सापडले नसते. ते बाजारातून आले.

कन्या चित्रे काढते. पावसाळ्यात तिने छत्रीखाली बसलेल्या एका पोतराजाच्या पोराचे चित्र काढून मैत्रिणींना मोबाइलवर पाठवले होते. दोन महिन्यांनी शेजारच्या गावातल्या एका दुकानात तेच चित्र चिकटपट्टीच्या कागदावर छापलेले, दहा रुपयांना एक, विकायला टांगलेले तिच्या मैत्रिणीला दिसले. छपाई उत्तम होती. रंग हुबेहूब होते. कोपऱ्यातली तिची बारीक सही तेवढी कापलेली होती. कन्या रडली नाही. तो कागद हातात धरून ती एवढेच म्हणाली, “बाबा, मी यात नाहीच आहे.” माझ्या प्रश्नातली ‘कुणालाही ओळखू न येणारी नक्कल’ माझ्या समोर, तिच्या हातात होती.

मी आयुष्यभर संतकाव्य शिकवीत आलो. अभंगाच्या शेवटी कवी आपले नाव गुंफतो, त्याला आपण नाममुद्रा म्हणतो. दुसऱ्याच्या नाममुद्रेखाली आपले अभंग खपवणारेही झाले, आणि ते निवडता निवडता अभ्यासकांच्या पिढ्या गेल्या. खोक्यावरची ती हक्कधारकांची ओळ म्हणजे तरी दुसरे काय? तिथे कुणीतरी म्हणत असते, हे माझे; याच्या बऱ्यावाइटाला मी जबाबदार. नेझुको ज्यांनी निर्माण केली त्या कोयोहारू गोतौगे यांनी आपला चेहरा वाचकांना दाखवलेला नाही. स्वतःचे चित्र काढायचे झाले तर चष्मा लावलेली मगर काढतात. नावही टोपणनाव. पण केशवसुत हेही टोपणनावच होते. नाव कोणते घ्यावे हा कवीचा प्रश्न. ते कुणी कापू नये, एवढेच.

तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचे संग्रहालय आहे. त्यात सातवाहनकाळच्या, पांढऱ्या मातीच्या, दोन साच्यांत घडवलेल्या बाहुल्या आहेत. तगर या नावाने हे गाव तेव्हा रोमपर्यंतच्या व्यापाराला ठाऊक होते. परवा कन्या त्या काचेशी नाक लावून बराच वेळ उभी होती. साच्याची रेघ किती सफाईने पुसली आहे, ते तिने मला दाखवले. मग तिने बाहुलीखालची पाटी वाचली. पाटीवर काळ होता, माती होती, गाव होते.

“यांच्या करणाऱ्याचे नाव?” तिने विचारले.

ते कुठेच लिहिलेले नाही. दोन हजार वर्षांत हरवलेल्या नावाला इलाज नसतो. दिवाळीच्या किल्ल्यावर आपण मांडतो त्या मावळ्यांवरही नाव नसते. पण ते रूप साऱ्या महाराष्ट्राचे, आणि पैसे ते घडवणाऱ्या कुंभाराच्या हातावर ठेवूनच आपण ते घेतो. ज्याचे नाव आज ठाऊक आहे, जो आज कुठेतरी दिव्याखाली वाकून रेघ ओढतो आहे, त्याचे नाव आपल्या साडेपाचशे रुपयांनी पुसायचे की राखायचे, एवढे आपल्या हाती असते.

यंदाच्या ओवाळणीत मागची शिल्लक घालून कन्येने अस्सल नेझुकोची मागणी नोंदवली आहे. ती यायला उन्हाळा उजाडेल. टेबलावरची तिची जागा आतापासून मोकळी करून ठेवली आहे, आणि सौ. रोज सकाळी ती रिकामी जागा पुसून घेते.