गुळवेल आणि शेजाऱ्याचा हक्क

गुळवेल लावणे सोपे, आवरणे अवघड. अंगठ्याएवढ्या जाडीचा वीतभर तुकडा पावसाळ्याच्या तोंडाला मातीत खोचला की काही आठवड्यांत पालवी फुटते. कापलेली फांदी झाडावर तशीच लटकत राहिली, तर ती दोऱ्यासारखी मुळे सोडून पुन्हा माती गाठते. संस्कृतात तिला छिन्नरुहा, म्हणजे तोडली तरी वाढणारी, असे नाव आहे.

मुस्लिम घरांत ती गिलो म्हणून ओळखीची. तिच्या खोडातून काढलेले पांढरे सत्त्व, सत-ए-गिलो, युनानी हकीम पिढ्यान्‌पिढ्या देत आले. कडुलिंबावर चढलेली गिलो अधिक गुणाची, असेही मानतात. आमच्या अंगणातली वेल दादींनी मुद्दाम कडुलिंबाच्याच बुंध्याशी लावली होती. कोणाला ताप आला की वस्तीतून कोणी ना कोणी कांडी मागायला येई, आणि देण्यात दादींना सदक्याचे समाधान वाटे.

मात्र कांडी देतानाही जबाबदारी असते. कोरोनाच्या काळात लोकांनी काढा मनाला येईल तसा प्यायला. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याचे सांगितले, पण तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीपासून सावधही केले. त्या वेलीच्या खोडावर चामखिळीसारख्या गाठी असतात. म्हणून आम्ही आता कांडी देताना डॉक्टर किंवा हकिमांना विचारून घ्या, असे सांगतो.

दुसरी जबाबदारी भिंतीपलीकडची. आम्ही जालना जिल्ह्यातले, हा मोसंबीचा मुलूख. आमच्या भिंतीला लागूनच तात्यांची बाग आहे. आंबे बहाराची फळे पावसाळ्याच्या शेवटी रंगावर येतात आणि त्याच वेळी रस शोषणारे पतंग येतात. रात्री ते सोंड खुपसून फळाला भोक पाडतात. तिथून फळ सडते आणि गळते. दिवसा पतंग बागेत सापडत नाही, त्यामुळे फवारणीचाही फारसा उपयोग होत नाही. या पतंगाची अळी मोसंबीवर वाढत नाही. ती वाढते गुळवेलीच्या आणि वासनवेलीच्या पानांवर.

"भाभी, तुमच्या वेलीवरची अळीच पुढं आमच्या फळाला सुई लावते," तात्या एकदा म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, पण झाडाखाली सडक्या फळांचा सडा पडलेला होता.

घरात बोलणे झाले. पतंग लांबून उडत येतात. ओढ्याकाठी, बांधावर गुळवेल माजलेली आहे. आपली एक वेल काढल्याने बाग वाचेल असे नाही, हा मुद्दा निघाला आणि तो खराही होता. पण आपल्यामुळे शेजाऱ्याला त्रास पोहोचू नये, ही ताकीद हदीसमध्ये वारंवार येते. इतरांच्या वेली किती, यावर ती अवलंबून नाही. दादी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "दवा हमारी और नुकसान उनका, ये ठीक नहीं."

कडुलिंबावरची वेल आम्ही उतरवली. बुंध्याशी नुसती कापून भागत नाही. वर अडकलेले तुकडे आणि खाली आलेली मुळेही काढावी लागतात. सगळे तुकडे उन्हात कडकडीत वाळवून जाळले. एकच कांडी ओसरीजवळ, पुरुषभर उंचीच्या तारेच्या जाळीवर लावली. तिचे प्रत्येक पान हाताशी येते. जाळीबाहेर गेलेला शेंडा दर आठवड्याला खुडतो. पावसाळ्यात मुले असरनंतर पाने उलटून पाहतात. कमान करून चालणारी, अंगावर डोळ्यांसारखे ठिपके असलेली अळी दिसली की चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाकतात.

तात्यांच्या बागेत पतंग अजून येतात. संध्याकाळी ते धूर करतात, गळलेली फळे वेचून पुरतात. सुट्टीच्या दिवशी आमची मुलेही वेचू लागतात. बांधावरच्या वेली काढायला यंदा दोन्ही घरे मिळून जाणार आहोत. आपल्या गावाशेजारी मोसंबी, संत्रा किंवा डाळिंबाची बाग असेल, तर अंगणातली गुळवेल एकदा निरखून पाहा. ती औषध म्हणून जरूर ठेवा, पण हाताच्या आवाक्यात ठेवा.