भाव आणि माप

गाण्याला किंमत असावी का, या प्रश्नाचे उत्तर गवयाला बिदागी देऊन आपल्या पूर्वजांनी केव्हाच दिलेले आहे. आमचा प्रश्न त्यापुढचा आहे. सगळ्या गाण्यांना एकच किंमत असावी का?

२८ एप्रिल २००३ रोजी ॲपलने अमेरिकेत गाण्यांचे आयट्यून्स हे दुकान थाटले, तेव्हा त्यात सुमारे दोन लाख गाणी होती आणि सुट्या गाण्याचा दर होता ९९ सेंट. पहिल्या आठवड्यातच दहा लाख गाणी विकली गेली. गायक नामवंत असो की नवखा, दर एकच. या व्यवस्थेत आम्हाला प्रथमदर्शनी एक लोभस समता दिसते. पण तिचा उगम समतेच्या तत्त्वात नव्हता. गाणी फुकट उतरवून घेण्याची सवय जडलेल्या गिऱ्हाइकाला पैसे देण्यास राजी करायचे, तर आकडा लहान हवा आणि विचार करायला न लावणारा हवा. शिवाय ॲपलचा खरा नफा आयपॉडच्या विक्रीत होता; गाणी ही त्याची वैरण.

ध्वनिमुद्रिका कंपन्यांना हे मानवले नाही. गाजणाऱ्या नव्या गाण्याला अधिक आणि जुन्याला कमी दर हवा, असा त्यांचा आग्रह होता. सप्टेंबर २००५ मध्ये पॅरिस येथे स्टीव्ह जॉब्स यांनी त्यांना लोभी ठरवले. तरी त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. हापूसची पहिली पेटी आणि जूनमधला आंबा एका भावाने कोण विकतो? तबकड्यांच्या आरंभकाळातही भाव एक नव्हता. व्हिक्टर कंपनीच्या तांबड्या लेबलाच्या तबकड्या साध्या तबकड्यांहून महाग असत. कारूसोसह सहा गायकांनी १९०८ मध्ये गायिलेल्या 'लुचिया' या ऑपेरातील षट्गानाची तबकडी एकाच बाजूस मुद्रित होती, आणि तिची किंमत होती सात डॉलर!

अखेर ७ एप्रिल २००९ पासून आयट्यून्सवर ६९ सेंट, ९९ सेंट आणि १ डॉलर २९ सेंट असे तीन दर आले. २००६ मध्ये सुरू झालेल्या 'एमी स्ट्रीट' या दुकानाने त्याही पुढची मजल मारली होती. तेथे गाणे फुकटापासून सुरू होई, आणि घेणारे वाढतील तसा दर ९८ सेंटपर्यंत चढे. कल्पना चतुर खरी. पण तेथे किंमत हीच समीक्षा होऊन बसते. गाणे ऐकण्यापूर्वीच लोकमताचा निवाडा त्याच्या कपाळी चिकटवलेला असतो. आमचा कौल म्हणूनच एकाच दराकडे झुकतो. तो न्याय्य आहे असे नव्हे. तो गाण्याच्या गुणाविषयी मौन पाळतो, आणि निवाडा आमच्या कानांवर सोपवतो.

परंतु आम्हाला खरे खटकते ते दुसरेच. इतका वाद झाला तो भावाचा. मापाविषयी फारसे कोणी बोलले नाही. 'एक गाणे' म्हणजे किती? जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत, आणि गाण्याचे तेच माप नव्या दुकानानेही गृहीत धरले. विलंबित ख्याल त्या मापात कसा बसावा? आयट्यून्सवर दहा मिनिटांहून लांब ध्वनिमुद्रण बहुधा सुटे मिळत नसे; त्यासाठी अख्खा अल्बम घ्यावा लागे. अमेरिकेतील कायदा याबाबत अधिक समंजस म्हणायचा. २००६ ते २०२२ या काळात तेथे रचनाकाराचे मानधन विकलेल्या प्रतीमागे ९.१ सेंट ठरलेले होते. मात्र गाणे पाच मिनिटांहून मोठे असल्यास मिनिटाला १.७५ सेंट या हिशेबाने ते वाढत असे.

आता सुटी गाणी विकत घेणारे थोडेच उरले आहेत. बहुतेकांचे ऐकणे महिन्याच्या वर्गणीवर वा जाहिरातींवर चालते, आणि जमलेल्या रकमेची वाटणी प्रामुख्याने श्रवणांच्या संख्येवर होते. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकले की एक श्रवण नोंदले जाते. दोन मिनिटांचे चित्रपटगीत हे एक श्रवण, आणि पन्नास मिनिटे रंगलेला दरबारी हेही एकच. २००४ पासून नव्हे, २०२४ पासून तेथे आणखी एक अट आली आहे. मागील बारा महिन्यांत हजारांहून कमी श्रवणे झालेल्या ध्वनिमुद्रणाला त्या वाटणीत हिस्सा मिळत नाही. म्हणजे एकच दर मागील दाराने परतला. पण ज्याला ऐकणारे थोडे, त्याच्यापुरता तो शून्य झाला.

भाव पडतात, चढतात. ते बाजाराचे काम आहे. माप मात्र वस्तूच्या जातीला शोभणारे हवे. दूध आणि कापड एकाच मापाने मोजणाऱ्या दुकानदाराला आपण हसलो असतो. ख्यालाच्या बाबतीत आपण ते निमूट चालवून घेतो, आणि त्याची किंमत ख्याल गाणारा मोजतो.