नाव खोडलेली फाइल

आमचे बिऱ्हाड मूळचे अमळनेरचे. ताप्ती लाइनीने वडील चलथाणास आले ते कायमचेच. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, येथल्या एका कापडरंगाईच्या कारखान्यात संगणकांची देखभाल करतो. तेथे लिनक्सवर चालणारा एक सर्व्हर आहे. इतर यंत्रांवर पहारा ठेवावयाचा आणि मिनिटामिनिटाची नोंद करावयाची, हे त्याचे काम. गेल्या श्रावणात एका रात्री हा पहारेकरीच मुका झाला.

दादाने घरूनच तपास आरंभिला. ‘डीएफ’ ही आज्ञा सांगे, 40 जीबीची डिस्क पूर्ण भरली आहे. साऱ्यांच्या डिस्का मोजणाऱ्या त्या यंत्रास स्वतःची डिस्क मोजावयास कोणी सांगितलेच नव्हते! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मग ‘डीयू’ने तो एकेक फोल्डर मोजू लागला. बेरीज 22 वर थांबली. उरलेले 18 जीबी गेले कोठे? या दोन्ही आज्ञा 1971 च्या युनिक्सपासून चालत आलेल्या. त्यांवर अविश्वास तरी कसा दाखवावा?

इकडे मला घाम फुटला होता. तीन आठवड्यांपूर्वी दादा जेवावयास उठला असता त्याच्या उघड्या पडद्यावर मला एक अवाढव्य लॉग फाइल दिसली होती. तेवढीच मदत, म्हणून मी ती ‘आरएम’ने पुसून टाकली आणि गप्प बसलो. शेठना जाब मात्र दादालाच द्यावयाचा होता. शेवटी धीर करून सांगितले.

दादा रागावला नाही. उलट त्याचा चेहरा उजळला. तो म्हणाला, “अरे, ‘आरएम’ फक्त यादीतले नाव खोडते. एखाद्या प्रोग्रॅमने फाइल उघडी धरलेली असेल, तर तिची जागा सुटत नाही.” रेशनकार्डावरून नाव कमी झाले, तरी माणूस खोलीत झोपतोच की! तो प्रोग्रॅम तीन आठवडे त्या बेनाव फाइलीत लिहीतच राहिला होता. ‘डीयू’ नावांवरून मोजते, म्हणून तिला ती दिसेना. ‘डीएफ’ डिस्कचाच हिशेब विचारते. ‘एलएसओएफ’ने उघड्या फाइलींची यादी काढताच ‘डिलीटेड’ असा शेरा असलेली एक ओळ सापडली. तो प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू केला मात्र, 18 जीबी मोकळे!

जुने लॉग वेळच्या वेळी काढून टाकणारे ‘लॉगरोटेट’ दुसऱ्या दिवशी त्याने माझ्याच हातून बसवून घेतले.

त्या रात्रीच्या आलेखात 7.40 ते 10.15 पर्यंत रेषा नाही. शेठनी कारण विचारले, तेव्हा “फाइल पुसताना माझी चूक झाली,” एवढेच दादा म्हणाला.