फेसातली हवा

मामाचा थर्मोकोलचा कारखाना आहे हे इथे नेहमी येणाऱ्या ब्लॉगर मंडळींना ठाऊक नसेल, पण नातेवाइकांना चांगलंच ठाऊक आहे. आमच्या घराण्यातल्या प्रत्येक मुलाच्या शाळेतल्या प्रोजेक्टचा किल्ला मामाकडच्या तुकड्यांतून उभा राहिलाय. एमआयडीसीतली एक शेड, एक बॉयलर, अकरा माणसं. पंपांच्या खोक्यात बसणारे पांढरे कोपरे बनवायचे, बस्स.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकानं दोन वर्षांची मुदत दिली होती. माल परदेशात जातो, तेव्हा खोक्याच्या आतलं सगळं वनस्पतीपासून बनलेलं हवं. मार्च २०१८ मध्ये राज्यात थर्मोकोलच्या ताटवाट्यांवर आणि सजावटीवर बंदी आली तेव्हा मामा निर्धास्त होता, कारण तो मखरवाला नव्हता. आता मात्र छोट्या (माझा मामेभाऊ, वय वर्षं चाळीस, तरी छोट्याच) तंतूंच्या फेसाचं मशीन घ्यायचं म्हणून शेड गहाण टाकायला निघाला होता.

"तू जन्मभर लगद्यात हात घातलेस," मामा म्हणाला. "हे पोरगं म्हणतं ते होण्यासारखं आहे का, तेवढं सांग. गोड करून सांगू नकोस."

माझी नोकरी कागदाच्या गिरणीतल्या लॅबमध्ये गेली, म्हणून हा मान.

तर आधी थर्मोकोलचं बघा. कच्चा माल येतो तो साखरेच्या दाण्यांसारखा. दाण्यात पेंटेन नावाचा वायू दडवलेला असतो. वाफ दिली की दाणा चाळीसेक पट फुगतो. मग कापडी टाकीत काही तास विसावा, नंतर साच्यात भरून परत वाफ, की दाणे एकमेकांना चिकटतात. एक कोपरा तयार व्हायला मिनिट-दोन मिनिटं. त्यात जवळजवळ ९८ टक्के हवा असते, म्हणजे मामा इतकी वर्षं खरं तर हवाच विकत आलाय. संरक्षण करते तीही हवेच्या कप्प्यांची चिरडण. खोकं पडलं की कप्प्यांच्या भिंती एकेक करून वाकतात आणि वस्तू एकदम न थांबता थोडी सावकाश थांबते. भाताच्या पेंढ्यात आंबे घालणाऱ्या आपल्या कोकणी माणसाला हे कुणी शिकवलं नव्हतं.

हीच हवा तंतूंमध्ये भरायची कशी? कल्पना जुनी आहे. साध्या पाण्यात लाकडाचे किंवा उसाचे तंतू जरा जास्त झाले की त्यांच्या गुठळ्या होतात, म्हणून कागदवाले लगदा अतिशय पातळ ठेवतात, शंभर भाग पाण्यात एक भागही तंतू नसतो. १९७० च्या सुमारास इंग्लंडमधल्या विगिन्स टीप या कागद कंपनीतल्या लोकांनी पाण्याऐवजी फेस वापरून पाहिला. साबणासारखं काही घालून इतकं घुसळायचं की निम्म्याहून जास्त भाग हवाच व्हावी. मग बुडबुडे तंतूंना जागच्या जागी अडकवून ठेवतात, गुठळी होऊच देत नाहीत. फिनलंडच्या व्हीटीटी संस्थेनं पुढे हे तंत्र पुन्हा हातात घेतलं. स्टॉकहोमच्या सेल्युटेकनं तर दहा-एक वर्षांपूर्वी लाकडाच्या तंतूंच्या फेसाचं अस्तर असलेलं सायकलचं हेल्मेट करून दाखवलं. साध्या हेल्मेटमध्ये त्या जागी थर्मोकोलचाच भाऊबंद असतो. छोट्याच्या मोबाइलवर त्याच हेल्मेटचा फोटो होता.

मी जुन्या ओळखीतून बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा, किलोभर लगदा आणला. फेसासाठी रिठ्याचं पाणी, चिकटायला गव्हाच्या पिठाची खळ, आणि बगॅसचे तंतू आखूड म्हणून थोडी बारीक कापलेली अंबाडी. साचा म्हणून पिठाची चाळण. मिक्सरमधून तो फेस निघाला तेव्हा श्रीखंडासारखा दिसत होता! चाळणीत ओतला, निथळू दिला, आणि दोन वड्या केल्या. एक पंख्याखाली सावकाश वाळवली, दुसरी ओव्हनच्या गरम हवेत.

पंख्याखालची निम्म्यानं खाली बसली. ती बसणारच होती. ओले तंतू वाळताना मधलं पाणी त्यांना एकमेकांकडे ओढून घेतं. कागदाला गोंदाशिवाय ताकद येते ती याच ओढीमुळे, आणि मी पस्तीस वर्षं तिचेच गोडवे गात आले. इथे मात्र तीच ओढ वैरीण. ओव्हनमधल्या वडीत खळ लवकर शिजून घट्ट झाली आणि तिनं तंतूंना वाकू दिलं नाही. ती वडी हातात घेतली तर खारी बिस्किटाइतकी हलकी.

मग अंडी. (घरच्यांनी त्या आठवड्यात ऑम्लेटं फार खाल्ली.) दोन वड्यांच्या मध्ये अंडं बांधून कमरेच्या उंचीवरून सोडलं, शाबूत. त्याच वड्यांत दुसऱ्यांदा, फुटलं. भिंती एकदा चिरडल्या की चिरडल्या. नव्या वड्या पावसाळी हवेत रात्रभर गॅलरीत ठेवल्या, सकाळी पहिल्याच आपटीत फुटलं. तंतू हवेतला ओलावा पितात आणि मऊ पडतात. थर्मोकोलला पावसाचं सोयरसुतक नाही.

पण छोट्याला मी बसवलं ते हिशेबाला. निथळल्यावरही एका किलो तंतूंमागे माझ्या चाळणीत चार किलोवर पाणी उरत होतं. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण ५४० किलोकॅलरी लागतात. म्हणजे दोन हजारांवर, तेही उष्णता अजिबात वाया गेली नाही तर. निम्मी ओली असलेली किलोभर बगॅस जाळली तर साधारण तेवढीच मिळते. मामाच्या साच्यात वाफ मिनिटभर येते आणि जाते. इथे माल तासन्‌तास उष्णता खात बसणार. त्या मशीनच्या किमतीत वाळवणयंत्र धरलेलंच नव्हतं.

छोट्या बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, म्हणजे नाहीच का?"

नाही असं नाही. बिडाचा जड पंप या फेसावर ठेवायचा नाही, त्याला अंड्याच्या ट्रेसारखा दाबलेला लगदा किंवा पुठ्ठ्याचं मधमाश्यांच्या पोळ्यासारखं अस्तर हवं. ते बाहेरून विकत घ्यावं आणि गिऱ्हाइकाला खोक्यात बसवून द्यावं. पण पंपाबरोबर जो छोटा कंट्रोल बॉक्स जातो, हलका आणि नाजूक, प्लॅस्टिकचा वास नको म्हणणारा, त्याच्यासाठी फेस चालेल, बाहेरून मेणकागदी वेष्टण घालून. साचे लहान, माल थोडा. शेड गहाण टाकायची गरज नाही. मामाला मी हे असंच सांगितलं, गोड न करता.

तो फेसाबद्दल काहीच बोलला नाही. त्यानं विचारलं, "बॉयलरच्या वरचा माळा किती गरम असतो, मोजायचा का?"

छोट्यानं दुपारी मोजला. ५८ अंश. पावसाळ्यात कामगार तिथे आपले भिजलेले रेनकोट वाळत घालतात. परवा मामानं दोऱ्या दुसऱ्या भिंतीला हलवल्या आणि माळ्यावर लोखंडी जाळीच्या फळ्या ठोकून घेतल्या. पहिले बारा तुकडे सध्या तिथे आहेत.