आगबोटीवरील पंक्तिप्रपंच

घरातील एखादा मुलगा, जावई वा भाऊ आगबोटीवर नोकरीस आहे अशी घरे गोव्याच्या सासष्टी-बार्देश भागांतील गावोगावी आढळतात. तो सुटीवर आला म्हणजे बंदरांची नावे घेतो, बर्फाच्या डोंगरांची छायाचित्रे दाखवितो, पेटीतून चॉकलेटे काढून मुलांस वाटतो. परंतु ज्या टेबलापाशी तो दिवसाचे दहा-बारा तास उभा असतो, त्या टेबलाविषयी मात्र फारसे बोलत नाही. विचारले तर ‘मोठे रेस्टॉरंट आहे’ इतकेच सांगतो. म्हणून म्हटले, आज वाचकांना त्या तरत्या भोजनगृहांतूनच फिरवून आणावे. तेथे कोण काय खातो, कशाचे किती पैसे पडतात, आणि एकाच जहाजावर इतक्या निरनिराळ्या पंगती का बसतात, हे पाहण्यासारखे आहे.

पूर्वी आगबोटीवरील जेवण तिकिटातच येत असे. घंटा झाली की आपापल्या वर्गाच्या भोजनशाळेत जावे, नेमून दिलेल्या जागी बसावे, आणि त्या दिवशी जे रांधले असेल ते खावे, असा शिरस्ता होता. तो पहिल्यांदा ठळकपणे मोडला १९०५ साली. हांबुर्ग-अमेरिका कंपनीची ‘अमेरिका’ नावाची आगबोट त्या वर्षी अटलांटिकच्या फेऱ्यांवर आली. तिच्यावर नेहमीच्या भोजनशाळेखेरीज एक स्वतंत्र उपाहारगृह होते. सेझार रिट्झ या विख्यात हॉटेलवाल्याच्या नावाने ते चाले, आणि ऑग्युस्त एस्कॉफिए या नामांकित फ्रेंच आचाऱ्याने त्याच्या स्वयंपाकघराची व्यवस्था लावून दिली होती. मनास येईल त्या वेळी यावे, यादीतून पदार्थ निवडावा आणि खाल्लेल्याचे पैसे वेगळे मोजावे, ही शहरातील श्रीमंत हॉटेलांची रीत त्या दिवसापासून समुद्रावर गेली.

ती रीत इतकी आवडली की प्रतिस्पर्धी कंपन्यांनीही तीच उचलली. १९११ च्या ‘ऑलिंपिक’ आगबोटीवर तसे उपाहारगृह निघाले. तेथे गर्दी होऊ लागली म्हणून तिची धाकटी बहीण जी ‘टायटॅनिक’, तिच्यावर ते वाढवून बांधण्यात आले. अक्रोडाच्या लाकडाच्या कोरीव भिंती, लहान लहान टेबले, टेबलावर दिवे, असा तेथला थाट असे. जो प्रवासी सर्व जेवणे याच ठिकाणी घेईल, त्याला तिकिटाच्या रकमेत सूट मिळत असे. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री, जहाज हिमनगावर आदळण्यापूर्वी काही तास, कप्तान स्मिथ याच्या सन्मानार्थ एका धनिक अमेरिकन कुटुंबाने मेजवानी दिली, ती येथेच.

परंतु या उपाहारगृहाची खरी कथा त्या मेजवानीची नव्हे. लुइजी गॅत्ती नावाच्या इटालियन गृहस्थाने ते मक्त्याने चालविण्यास घेतले होते. त्याच्या हाताखालचे साठांहून अधिक नोकर बहुतांशी इटालियन व फ्रेंच होते. ते जहाजावर होते, परंतु जहाजाच्या कंपनीचे पगारी सेवक नव्हते. आणि प्रवासी तर नव्हतेच. त्या रात्री त्यांपैकी तिघेच वाचले. दोघी हिशेबनीस स्त्रिया, आणि पॉल मोझे नावाचा एक कारकून. पुढे इंग्लंडमधील चौकशीत मोझे याने साक्ष दिली. उपाहारगृहाच्या नोकरांना वरच्या डेकवर जाऊ दिले नाही. आपण व मुख्य आचारी साध्या कपड्यांत होतो म्हणून प्रवासी समजून आपल्याला सोडले, असे त्याने सांगितले. अंगावर गणवेश असता तर तो आणखी एक बुडालेला वाढपी ठरता. पंक्तिप्रपंच म्हणतात तो ताटातच असतो असे नाही.

पहिल्या महायुद्धानंतरही ही भोजनगृहे टिकली. १९३६ साली निघालेल्या ‘क्वीन मेरी’ या प्रचंड आगबोटीवर मागच्या बाजूस उंच डेकवर ‘व्हरांडा ग्रिल’ होते. व्हरांडा हा शब्द आपल्या घराच्या पुढील भागाचाच. तेथे मात्र त्या नावाखाली, वेगळे पैसे घेऊन, दिवसा जेवण व रात्री नृत्य चाले. ही आगबोट १९६७ पासून कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे कायमची नांगरून ठेवलेली आहे. विमाने आली, अटलांटिक पार करण्यासाठी आगबोटीने जाण्याचे कारण उरले नाही, आणि आगबोट हे प्रवासाचे साधन न राहता सहलीचे ठिकाण झाले. सहलीस निघालेल्या माणसाला आठ-दहा दिवस त्याच टेबलावर, त्याच सोबत्यांबरोबर जेवण्याचा कंटाळा येतो, हे कंपन्यांनी ओळखले. १९८८ साली ‘नॉर्वे’ या जहाजावर ‘ल बिस्त्रो’ हे फ्रेंच धर्तीचे उपाहारगृह निघाले. १९९० च्या ‘क्रिस्टल हार्मनी’वर एक इटालियन आणि एक जपानी, अशी दोन निघाली. २००० साली नॉर्वेजियन कंपनीने ठरावीक वेळ व ठरावीक जागा हा दंडकच काढून टाकला. त्याच वर्षी निघालेल्या ‘मिलेनियम’ जहाजावर ‘ऑलिंपिक’ नावाचे भोजनगृह थाटले गेले. त्या जुन्या आगबोटीतील लाकडी तक्ते जपून ठेवलेले होते, ते आणून त्याच्या भिंतींस बसविले होते. आज ‘आयकॉन ऑफ द सीज’ या २०२४ साली सेवेत आलेल्या जहाजावर सात हजारांहून अधिक प्रवासी मावतात, आणि खाण्यापिण्याची वीसांहून अधिक ठिकाणे आहेत.

आता या निरनिराळ्या पंगतींची तुलना करू. पहिला प्रश्न पैशाचा. त्यात तीन पद्धती दिसतात. पहिली पद्धत बहुतेक मोठ्या कंपन्यांची. मुख्य भोजनशाळा व बुफे तिकिटात, आणि खास भोजनगृहांस माणशी वेगळा आकार. तो कोठे तीस-चाळीस डॉलर, तर कोठे शंभराच्याही वर जातो. वर अनेक ठिकाणी सेवाशुल्क निराळे. दुसरी पद्धत ओशियानिया या कंपनीची. तिच्या २०११ मधील ‘मरीना’ जहाजावर झाक पेपँ या फ्रेंच आचाऱ्याच्या नावाचे भोजनगृह, ‘टोस्काना’ हे इटालियन, ‘रेड जिंजर’ हे आशियाई आणि ‘पोलो ग्रिल’ हे मांसाहारी, अशी चार खास भोजनगृहे निघाली आणि त्यांस वेगळा आकार ठेवला गेला नाही. अर्थात तिकीट मुळातच महाग; पैसे दाराशी न घेता आधीच घेतले, एवढाच फरक. तिसरी पद्धत जुन्या क्युनार्ड कंपनीची. ‘क्वीन मेरी २’ या २००४ सालच्या जहाजावर तुमची खोली कोणत्या दर्जाची आहे यावर तुमची भोजनशाळा ठरते. साध्या खोलीवाल्यांना ‘ब्रिटानिया’, वरच्यांना ‘प्रिन्सेस ग्रिल’ आणि सर्वांत वरच्यांना ‘क्वीन्स ग्रिल’. तिन्हींतील जेवण तिकिटातच; परंतु खालच्या दर्जाच्या प्रवाशाने पैसे मोजतो म्हटले तरी वरच्या दारातून त्याला आत घेत नाहीत.

दुसरा प्रश्न चवीचा. वेगळे पैसे दिल्याने जेवण खरोखरच चांगले मिळते काय? पुष्कळ अंशी मिळते, आणि त्याचे कारण साधे आहे. मुख्य भोजनशाळेत एका बैठकीस हजारभर माणसे एकदम बसतात. आपल्याकडे लग्नाच्या जेवणाला जे होते तेच तेथेही होते. पदार्थ मोठ्या प्रमाणावर आधी तयार करून ठेवावा लागतो, आणि ताटात येईपर्यंत त्याचा पहिला ताजेपणा सरतो. खास भोजनगृहात टेबले थोडी. मागणी आली की एकेक ताट वेगळे तयार होते. घरच्या चुलीवरची भाकर आणि पंगतीतली भाकर यांत जो फरक, तोच हा फरक.

तरी सर्वच प्रकारांना समुद्र सारखा मानवत नाही. जहाजावर आगीसारखा दुसरा शत्रू नाही. म्हणून तेथील स्वयंपाकघरांत आपल्यासारखी उघडी ज्योत सहसा नसते, सर्व शेगड्या विजेच्या. मांस भाजण्याची जी ‘स्टेकहाउस’ भोजनगृहे असतात, त्यांचे काम विजेच्या तापलेल्या जाळीवर चांगले भागते, आणि गोठवून आणलेले उत्तम मांस बरेच दिवस टिकते. यामुळे ‘चॉप्स ग्रिल’ किंवा ‘पिनॅकल ग्रिल’ यांसारखी भोजनगृहे त्या त्या कंपनीच्या अनेक जहाजांवर दिसतात. चिनी कढईला मात्र भडक जाळ हवा. तो नसल्याने कोळपल्या धुराची चव तेथे साधणे कठीण. इटालियन भोजनगृह सर्वांत सुरक्षित निवड म्हणावी. पीठ, तेल, वाळविलेले टोमॅटो, मुरलेले चीज हा सगळा टिकाऊ शिधा, आणि त्याला लागणारी शेवयांसारखी पास्ता जहाजावरच ताजी करता येते. त्याचा आकारही बहुधा मध्यम असतो.

जपानी भोजनगृहांत कच्चा मासा वाढतात. आपल्या किनाऱ्यावरील माणसाला वाटेल, समुद्राच्या मध्यावर आहोत तर मासा ताजा असणारच. तसे नाही. जहाज मासे पकडीत नाही. तो बंदरावर इतर शिध्याबरोबर चढतो, आणि कच्चा खावयाचा मासा तर जंत मरावेत म्हणून बहुधा आधी कडक गोठविलेला असतो. माल्वणच्या वाळूवर ज्याने सकाळी रापणीचा बांगडा घेतला आहे, त्याने समुद्रातील त्या मेजवानीचा हेवा करू नये.

आपल्या दृष्टीने विशेष लक्षात घेण्याजोगे भोजनगृह म्हणजे पी अँड ओ कंपनीचे ‘सिंधू’. २०१० साली ‘अझुरा’ या जहाजावर, अतुल कोचर या भारतीय आचाऱ्याच्या मार्गदर्शनाखाली ते सुरू झाले, आणि पुढे ‘ब्रिटानिया’, ‘आयोना’ इत्यादी जहाजांवरही निघाले. तेथे भारतीय मसाल्यांचे पदार्थ इंग्रजी थाटात वाढले जातात, आणि त्यांसाठी इंग्रज प्रवासी वेगळे पैसे देतो. यातील मौज वाचकांच्या ध्यानी आलीच असेल. याच नावाच्या जुन्या कंपनीच्या आगबोटींवर पिढ्यान्‌पिढ्या वाढपी आणि आचारी असत ते गोव्याचे. डेकवरचे खलाशी एका मुलखाचे, इंजिनापाशी राबणारे दुसऱ्या मुलखाचे, आणि भोजनशाळेत गोवेकर, अशी ती वाटणीच ठरलेली होती. मुंबईत धोबी तलावाच्या आसपास गावागावांच्या नावांनी ‘कूड’ निघाले, ते बोट मिळण्याची वाट पाहणाऱ्या याच माणसांसाठी. त्या काळी साहेबाच्या टेबलावर त्यांनी साहेबाचे जेवण वाढले. स्वतःच्या देशाच्या जेवणाला पंक्तीत वरची जागा मिळायला शंभर वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

आता राहिला तो वाढणाऱ्याचा प्रश्न. टायटॅनिकवरील गॅत्तीचे नोकर ना कंपनीचे ना प्रवाशांतले, अशा स्थितीत सापडले होते. ती स्थिती आज कायद्याने पालटली आहे. २००६ साली झालेला सागरी कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार २० ऑगस्ट २०१३ पासून अंमलात आला, आणि भारताने त्यास २०१५ साली मान्यता दिली. त्यानुसार जहाजावर कोणत्याही नात्याने काम करणारा माणूस, मग तो मक्तेदाराचा वाढपी का असेना, दर्यावर्दीच समजला जातो. त्याला चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान सत्त्याहत्तर तास विश्रांती मिळण्याची तरतूद आहे. त्याऐवजी कामाची कमाल मर्यादा धरली तर ती दिवसाला चौदा व आठवड्याला बहात्तर तासांची. नोकरीची मुदत संपली की घरी परतण्याचा खर्च मालकाचा. आणि नोकरी लावून देण्याबद्दल त्याच्याकडून दलालीचा पैसाही घ्यावयाचा नाही.

हे शेवटचे कलम गावातील प्रत्येक आईबापांनी पाठ करून ठेवावे. अजूनही ‘बोटीवर लावून देतो’ म्हणून लाखांच्या रकमा मागणारे लोक फिरतात, आणि मुलाच्या बोटीसाठी दागिना गहाण पडतो. दलालाकडे सरकारच्या नौवहन खात्याचा परवाना आहे की नाही हे आधी पाहावे. करारपत्र सहीपूर्वी घरी आणून वाचावे. त्यात पगार किती ठरला आहे आणि बक्षिशीच्या भरवशावर किती ठेवले आहे, हे निराळे करून घ्यावे. खास भोजनगृहात नेमणूक झाली तर मुलाला ती बढती वाटते. थोडी टेबले व चोखंदळ प्रवासी यांमुळे शिकायला तेथे पुष्कळ मिळते हे खरे; परंतु सेवाशुल्काचा वाटा वाढप्यास कसा मिळतो हे कंपनीगणिक वेगळे असते, म्हणून तेही विचारून घ्यावे.

आणि आपल्यापैकी कोणी मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या एखाद्या सहलीच्या जहाजाने, किंवा परदेशातील मुलाच्या आग्रहाने एखाद्या मोठ्या जहाजाने गेलेच, तर माझी शिफारस इतकीच. निम्म्याहून अधिक जेवणे तिकिटातील भोजनशाळेतच घ्यावीत. त्यांचे पैसे आपण भरलेले आहेत. एखादी संध्याकाळ वेगळी करावयाची तर जे आपल्या गावी कधी मिळणार नाही तेच निवडावे. जागा पहिल्या दिवशीच सांगून ठेवावी. आणि ताट पुढे ठेवणाऱ्या माणसाच्या छातीवरील पट्टी वाचून त्याला नावाने हाक मारावी. त्या पट्टीवर नावाबरोबर पुष्कळदा देशही लिहिलेला असतो. संकटाची शिटी वाजली तर आपल्याला जीवरक्षक जाकीट चढवून नावेपर्यंत नेण्याचे शिक्षण ज्यांना दिलेले आहे, त्यांतलाच तो एक असतो. त्या वेळी तो मागे राहू नये यासाठी जगाने शंभर वर्षे कायदे केले. जेवणाच्या वेळी त्याची ओळख ठेवणे आपल्याला अवघड जाऊ नये.