मापाचा कुर्ता आणि बाळापूरचे जुने संगणक

ईदच्या आधी शिंप्याकडे कापड टाकलं की त्याचा पहिला प्रश्न असतो, माप कुणाचं? रेडिमेडवाला हे विचारत नाही. त्याच्याकडे तीन आकार असतात, कुणाला थोडे सैल, कुणाला थोडे आखूड, पण सगळ्यांच्या अंगात जातात. कंपायलरचे डीफॉल्ट फ्लॅग हे रेडिमेड कुर्त्यासारखे असतात आणि ते बदलून स्वतःचे देणं म्हणजे माप देऊन शिवून घेणं. शिवून घेतलेला छान बसतो, वाद नाही. पण तो भावाला पाठवायचा असेल तर माप भावाचं लागतं.

ही गोष्ट आखाडा बाळापूरची आहे. कळमनुरी तालुक्यातल्या या गावात माझा भाचा कॉम्प्युटर क्लास चालवतो. नांदेडहून एकगठ्ठा घेतलेले सहा जुने संगणक, सगळे कोअर टू ड्युओ, सगळ्यांवर डेबियन लिनक्स. क्लासला बारावीची एक मुलगी येते, तिला फार कमी दिसतं. पुस्तकाचं पान स्कॅन करायचं, टेसरॅक्ट नावाच्या प्रोग्रॅमने त्यातली मराठी अक्षरं ओळखायची आणि ई-स्पीकने ती वाचून दाखवायची, असा तिचा अभ्यास चालतो. आवाज यंत्राचाच, पण ‘इतिहासाचं अख्खं प्रकरण ऐकून झालं मामू’ हे भाचा मला ज्या आनंदाने सांगतो, तो ऐकण्यासारखा असतो.

पुण्याच्या एका हितचिंतकाने टेसरॅक्टची नवी आवृत्ती स्वतःच्या लॅपटॉपवर बांधून पाठवली. हेतू चांगला होता, मुलीचं काम लवकर व्हावं. बांधताना त्यांनी ‘ओ-३’ आणि ‘मार्च-नेटिव्ह’ हे फ्लॅग दिले. (हा मार्च महिना नव्हे, मशीनच्या आर्किटेक्चरचं ते लघुरूप.) त्याचा अर्थ असा की, या क्षणी ज्या प्रोसेसरवर बसला आहेस त्याला जे जे येतं ते सगळं वापर. बाळापुरात प्रोग्रॅम चालवताच पडद्यावर दोन शब्द आले: इल्लीगल इन्स्ट्रक्शन. क्लासमधल्या एका पोराने विचारलं, ‘सर, पोलीस येतील का?’

पोलिसांचं काही काम नव्हतं. नव्या प्रोसेसरला एव्हीएक्स नावाच्या, एका झटक्यात अनेक आकडे मोजणाऱ्या सूचना येतात. कोअर टू ड्युओच्या काळी त्या नव्हत्याच. त्याच्यासमोर अनोळखी सूचना आली आणि त्याने हात वर केले. गंमत अशी की टेसरॅक्ट मुळात समंजस आहे. सुरू होताना तो प्रोसेसरला काय येतं ते स्वतः तपासतो आणि तेवढंच वापरतो. ‘नेटिव्ह’ने मात्र त्याच्या बाकीच्या साध्या भागांतही एव्हीएक्स पेरलं, मग तपासून उपयोग काय?

भाच्याने प्रोग्रॅम क्लासच्याच संगणकावर पुन्हा बांधायचं ठरवलं. फोनवर आमची जी बोलणी झाली, त्यातला काही भाग इथे लिहितो, कारण डीफॉल्ट बदलायला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण याच ठिकाणी अडखळतो.

एक, कोणता डबा उघडायचा ते. सी भाषेचे फ्लॅग सी-फ्लॅग्ज या चलात राहतात, सी-प्लस-प्लसचे सीएक्सएक्स-फ्लॅग्जमध्ये. टेसरॅक्ट सी-प्लस-प्लसमध्ये आहे. सी-फ्लॅग्जमध्ये काहीही लिहा, त्याच्या कोडला ढिम्म फरक पडत नाही.

मग मेकची खोड. ‘मेक’ शब्दाच्या आधी चल लिहिलं तर ते फक्त वातावरणात जातं आणि मेकफाइलमध्ये त्याच नावाला किंमत दिलेली असेल तर मेकफाइल जिंकते. ‘मेक’च्या नंतर लिहिलं तर तुम्ही जिंकता, आणि इतकं जिंकता की मेकफाइलमध्ये पुढे ‘अधिक-बरोबर’ने जोडलेले गरजेचे फ्लॅगही गळून पडतात. मग हेडर फाइल सापडत नाही म्हणून कंपायलर ओरडतो आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. खरा दोष अशा वेळी पॅकेज लिहिणाऱ्याचा. ग्नूच्या लेखन-नियमांत स्पष्ट आहे की सी-फ्लॅग्ज हे चल बांधणाऱ्याचं आहे, ज्याशिवाय प्रोग्रॅम बांधलाच जात नाही असे फ्लॅग त्यात ठेवू नयेत. नियम आहे, पाळणारे कमी.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ऑटोकॉन्फवर चालणाऱ्या पॅकेजला तुम्ही काहीच सांगितलं नाही तर ते सहसा ‘जी’ आणि ‘ओ-२’ घेतं, म्हणजे दोष शोधायला लागणारी माहिती आणि मध्यम प्रतीची गती. तुम्ही एकच फ्लॅग दिला की हे दोन्ही जातात. जोडलं असं आपल्याला वाटतं, पण झालेलं असतं बदललेलं. डेबियनने यावर सोय केली आहे. तिथे पॅकेज बांधताना ‘सेट’ म्हटलं तर जुनं पुसून नवं येतं, ‘अपेंड’ म्हटलं तर जुन्याच्या शेवटी नवं जोडलं जातं. ओ-२च्या मागून ओ-३ आला तर शेवटचा शब्द चालतो आणि बाकीचं जागेवर राहतं.

बाकीचं म्हणजे काय, तर स्टॅक-प्रोटेक्टर आणि फोर्टिफाय-सोर्स ही त्यातली मुख्य नावं. कुणी मुद्दाम बिघडवलेली फाइल देऊन प्रोग्रॅमच्या मेमरीत घुसू पाहिलं तर हे पहारेकरी प्रोग्रॅम तिथेच बंद पाडतात. गावात पेनड्राइव्ह कुठून कुठून फिरून येतात हे पाहिलेल्या माणसाला त्यांचं मोल सांगावं लागू नये. मी भाच्याला म्हटलं, प्रवासात चार रकात फर्जच्या दोन होतात, पण मगरिबच्या तीन तीनच राहतात. सवलत कुठे आहे आणि कुठे नाही, हे आधी विचारून घे. तो हसला, पण ‘अपेंड’च वापरलं. शिवाय ‘मेक’ला ‘व्ही बरोबर १’ दिलं, म्हणजे प्रत्येक ओळीत खरोखर कोणते फ्लॅग गेले ते दिसतं. मध्ये दोनदा लाईट गेली, तरी सकाळपर्यंत काम झालं.

जोडलं होतं ‘मार्च-कोअर-२’. खरं सांगायचं तर निव्वळ डीफॉल्टच्या तुलनेत वेग वाढल्याचं त्या मुलीला जाणवलं नाही. प्रोग्रॅम चालू झाला, तिला तेवढंच हवं होतं.

डीफॉल्ट कोण ठरवतं, हा प्रश्न मात्र बाळापूरपुरता नाही. २०२० साली या जातीच्या ६४-बिट प्रोसेसरांच्या पायऱ्या ठरवण्यात आल्या. रेड हॅटच्या ९ व्या आवृत्तीने २०२२ मध्ये दुसरी पायरी सक्तीची केली, २०२५ च्या १० व्या आवृत्तीने तिसरी. कोअर टू ड्युओ पहिल्याच पायरीवर उभा आहे. डेबियनही अजून तिथेच थांबला आहे, म्हणून भाच्याचा क्लास चालतो. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरना वरची पायरी सोयीची आहे, त्यांचंही चूक म्हणता येत नाही. पण एका ओळीतला एक आकडा बदलला की कुठले संगणक भंगारात जातात, ते त्या बैठकीत कुणी मोजत असेल असं मला वाटत नाही.

आमच्या जिल्ह्याला या विषयाशी आणखी एक नातं लागणार आहे. औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी लहान फरक मोजायचा. अशा कामात ‘फास्ट-मॅथ’ हा फ्लॅग जपून हाताळावा लागतो. तो कंपायलरला बेरजांचा क्रम बदलायची मुभा देतो आणि ‘हा आकडाच नाही’ अशी खूण कधी येणारच नाही असं गृहीत धरतो. त्याचा संसर्गही होत असे. या फ्लॅगने बांधलेली एखादी लायब्ररी लोड झाली की त्याच प्रोग्रॅममधल्या इतरांचं गणितही बदलायचं, अतिसूक्ष्म आकडे सरळ शून्य धरले जायचे. पायथनची काही पॅकेजेस अशी बांधलेली आहेत हे २०२२ मध्ये उघड झालं, आणि जीसीसीच्या १३ व्या आवृत्तीत लायब्ररींपुरती ती वाट बंद करण्यात आली.

लायगोची विश्लेषणाची पॅकेजेस कोंडातूनही मिळतात. कोंडाच्या कंपायलरचे डीफॉल्ट फ्लॅग मी भाच्याला वाचून दाखवले: मार्च ‘नोकोना’चा, म्हणजे २००४ च्या प्रोसेसरचा, आणि ट्यूनिंग ‘हॅसवेल’चं, म्हणजे २०१३ च्या. सूचना जुन्यालाही समजतील अशाच घ्यायच्या, त्यांची मांडणी मात्र नव्याला सोयीची करायची. तो म्हणाला, ‘मामू, हे तर आपल्या शिंप्यासारखं झालं. कापड आत दाबून ठेवतो, अंग भरलं की उसवून सोडता येतं.’