करणारी तूच, तपासणारीही तूच

चि. सायलीस,


बांधत असलेल्या विमानाला लँडिंग लाइट कोणता घेऊ, असं विचारून तू तीन कंपन्यांचे दिवे किमतींसकट कळवलेस. उत्तर एका ओळीचं आहे: तिन्हींपैकी ज्याचे चाचणीचे कागद नीट मिळतील तो घे. पण त्या दिव्यापर्यंत वायर कशी नेणार, अर्थ कुठे बांधणार आणि रात्री हवेत वीजच गेली तर काय चालू ठेवणार, हे तू विचारलंच नाहीस. म्हणून हे लांबलचक पत्र.

घरी विमान बांधण्याच्या बाबतीत अमेरिकेचा कायदा फारच उदार. निम्म्याहून जास्त काम हौस म्हणून किंवा शिकण्यासाठी स्वतः केलं, की विमान ‘एक्स्पेरिमेंटल’ म्हणून नोंदता येतं आणि बांधणाऱ्यालाच त्याच्या रिपेअरमनचा दाखला मिळतो. दरवर्षीची तपासणी तू करायची, वहीत सहीही तूच करायची. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत, चारकोपला, इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, तर नोंदणीचा कागद हातात पडायला २०१७ साल उजाडलं. तुमच्याकडे व्हॅन्स कंपनीच्या किटांवरून आजवर ११,००० हून जास्त विमानं उडाली आहेत, आणि त्या कंपनीचं ऑरोरा गाव तुझ्या हिल्सबरोपासून तासाभराच्याही आत! हेवा वाटतो. तरी एक गोष्ट मला खुपते. आम्ही ओझरच्या विमान कारखान्यात लूमच्या, म्हणजे वायरींच्या जुडग्यांच्या, टेबलावर बसायचो तेव्हा वायर दाबणारा हात वेगळा आणि शिक्का मारणारा हात वेगळा असे. शिक्केवाला आमच्यापेक्षा हुशार होता असं मुळीच नाही. त्याला फक्त ते काम उरकून घरी पळायचं नसायचं, एवढाच फरक. तुझ्या गराजमध्ये तो माणूस नाही. ईएए या हौशी विमानवाल्यांच्या संघटनेच्या शाखांमधून टेक्निकल काउन्सिलर नावाचे अनुभवी लोक विनामोबदला येऊन काम बघतात, त्यांना बोलाव. पॅनेल बंद करायच्या आधी बोलाव, नंतर बोलावून ते काय बघणार, रंग?

तू चिपा करणारी, त्यामुळे तुझा जीव पेट्यांमध्ये. स्क्रीन कुठला, ऑटोपायलट कुठला, हेच तुझ्या प्रत्येक फोनमध्ये. पेटी मरत नाही असं नाही, पण माझ्या पाहण्यात पेट्यांपेक्षा त्यांच्याकडे जाणारे सांधे जास्त मेले. एक साधा लग, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवायचा जोड, घे आणि भिंगाखाली धर. चांगल्या लगला दोन पकडी असतात: एक तांब्याला धरणारी, दुसरी वरच्या आवरणाला. तांब्याच्या पकडीतून तारांची टोकं पलीकडे किंचित डोकावली पाहिजेत आणि त्या पकडीत आवरण अजिबात शिरलेलं नको. दुसरी पकड हौशी लोकांना शोभेची वाटते. ती नसेल किंवा सैल असेल तर इंजिनाचा सगळा कंप थेट तांब्यावर येतो. कोणी म्हणेल, वरून सोल्डर मार, मजबूत होईल. मारू नकोस. सोल्डर आवरणाच्या आत वर चढतं, वायर तेवढ्या लांबीत काठीसारखी ताठ होते, आणि जिथे ताठपणा संपतो तिथे ती वाकत राहते. मग एकेक तार तुटते. तुटते ती आवरणाच्या आत, बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. शेवटची एक तार शाबूत असेपर्यंत तुझा मीटर ‘सगळं ठीक’ म्हणतो. लोड आला की व्होल्टेज पडतं, दिवा मंद होतो, आणि माणूस दिवा बदलतो. वायर टेफझेलच्या आवरणाचीच घे. बाजारातली पीव्हीसीची वायर तापली की जो धूर सोडते तो एवढ्याशा बंद केबिनमध्ये नको.

फ्यूजबद्दलही तुझा घोळ दिसतो. नऊ अँपियरचं उपकरण आहे म्हणून दहाचा फ्यूज घातलास, पण वायर २२ गेजची! फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो, उपकरणाला नव्हे. २२ गेजला पाच, २० ला सात, १८ ला दहा, असा साधारण हिशोब लोक धरतात. आधी वायर जाड कर, मग दहाचा लाव.

आता दिवे. आकाशात दिवा हा मुख्यतः दुसऱ्याने आपल्याला बघावं म्हणून असतो. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, दोन्ही सरळ नाकापासून आपापल्या बाजूला ११० अंश दिसायला हवेत. शेपटीचा पांढरा मागे १४० अंश. तिन्ही मिळून वर्तुळ पुरं होतं. समोरचा पायलट त्या रंगांवरून ठरवतो, हे विमान येतंय की जातंय. तू पंखांच्या टोकाला ॲक्रिलिकचं सुंदर आवरण घडवलंस, पण त्याची कड कोपऱ्यातला प्रकाश खात नाही ना? तिन्हीसांजेला दिवे लावून विमानाभोवती चालत फेरी मार. लाल कुठे संपतो आणि हिरवा कुठे सुरू होतो, तिथे जमिनीवर खडूने खूण कर आणि कोन मोज. जावईबापूंना धरायला लाव टेप, नाहीतरी ते गराजमध्ये कॉफी घेऊन उभेच असतात.

एलईडी घे, त्यात वाद नाही. जुन्या १०० वॅटच्या लँडिंग दिव्याचं आयुष्य बनवणाराच २५ तास सांगायचा. कंपाने त्याची फिलामेंट तुटायची. एलईडीचा स्वतःचा जीव दांडगा. पण त्याच्या मागे ड्रायव्हरचं सर्किट असतं, ते उष्णतेने मरतं. एलईडी उष्णता पुढे फेकत नाही, मागे सोडते. हवेत असताना वारा लागतो. जमिनीवर, उन्हात, बंद आवरणाच्या आत काय होईल ते आधी बघ. आणि पुढे उष्णता जात नसल्यामुळे काचेवरचं बर्फ आपोआप वितळणार नाही, हेही तुमच्याकडच्या हिवाळ्यात ध्यानात असू दे.

ड्रायव्हर वीज सेकंदाला लाखो वेळा तोडतो-जोडतो. त्या खटपटीची कुरकुर वरच्या फ्रीक्वेन्सींपर्यंत पोचते. तुझा रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर चालतो आणि विमानाचा रेडिओ एएम असल्याने ती कुरकुर जशीच्या तशी कानात येते. स्क्वेल्च उघडा ठेव, दूरचं, क्षीण स्टेशन लाव, आणि दिवे एकेक करून चालू-बंद कर. स्टेशन गडप झालं तर दिवा कितीही झकपक असो, तो परत पाठव किंवा शील्डवाली वायर आणि फेराइटचं कडं घालून पुन्हा बघ. अँटेना पंखाच्या टोकातच बसवली असशील तर जास्त त्रास होईल.

याहून छुपा त्रास दिशेचा आहे. तू दिशा दाखवणारा मॅग्नेटोमीटर डाव्या पंखाच्या टोकाला बसवतेयस, लाल दिव्याच्या शेजारी. पंखाचं टोक फायबरग्लासचं, म्हणून दिव्याचा अर्थ जवळच्या ॲल्युमिनियमच्या रिबला बांधायचा, असा तुझा बेत. आता विचार कर: वीज जाते वायरमधून आणि परत येते पत्र्यातून, दोन वेगळ्या वाटांनी. प्रत्येक वाटेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ती दोन्ही एकमेकांना खोडत नाहीत. दिवा लावला की स्क्रीनवरची दिशा सरकते. दिवसा हे कळणारच नाही, कारण दिवसा दिवे बंद असतात. रात्री ढगाखालून येताना कळेल. जाणारी आणि येणारी वायर एकमेकींना पीळ देऊन आत फायरवॉलपर्यंत आण, सगळे अर्थ तिथे एकाच जागी बांध. रिबवरचा नट ओरेगॉनच्या पावसात गंजण्याची कटकटही मिटते. काम झालं की विमान एका दिशेला उभं करून प्रत्येक स्विच दाबत आकडा बघत बस.

यानंतर जे लिहितेय त्यावर तू नाक मुरडशील. विचिटाच्या बॉब नकल्स यांचं ‘एअरोइलेक्ट्रिक कनेक्शन’ हे पुस्तक तिकडच्या हौशी बांधणाऱ्यांमध्ये घरोघरी असतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, न बिघडणारा भाग शोधू नका. प्रत्येक भाग एक ना एक दिवस बिघडणार असं धरा आणि बिघडल्यावर प्रवास निवांत संपेल अशी मांडणी करा. मला हे शंभर टक्के पटतं. अल्टरनेटर गेला, तर बॅटरीवर घरी यायचं. मास्टर स्विचचा कॉन्टॅक्टर नुसता दाबून धरायलाच जवळजवळ एक अँपियर खातो, म्हणून तो बंद करायचा आणि बॅटरीतून थेट निघणारी वेगळी वाट स्विचने उघडायची. तिच्यावर एक स्क्रीन, एक रेडिओ, ट्रान्सपाँडर आणि पॅनेलचा मंद दिवा, एवढंच. नेहमीच्या वेळी हीच मंडळी मुख्य बसवरून, म्हणजे सगळ्यांना वीज वाटणाऱ्या पट्टीवरून, डायोडमधून पोसली जातात, त्यामुळे वीज उलटी मुख्य बसकडे पळत नाही.

एलईडीचा खरा फायदा इथे आहे. उजेड जास्त म्हणून नव्हे. जुने तीन बल्ब मिळून सहाएक अँपियर खायचे, एवढं ओझं या छोट्या वाटेवर कोण टाकणार? एलईडी त्याचा चौथा-पाचवा हिस्सा घेतात, म्हणजे अल्टरनेटर गेल्यावरही पंखांचे दिवे चालू ठेवता येतात. लँडिंग लाइट मात्र मुख्य बसवरच असू दे. धावपट्टी समोर आली की मास्टर पुन्हा चालू कर, तेवढी मिनिटं बॅटरी सांभाळेल.

इंजिनात एक मॅग्नेटो ठेवलास, ते फार बरं केलंस. तो स्वतःची वीज स्वतः करतो, बॅटरी मेली तरी इंजिन फिरत राहतं. मात्र त्याच्या वायरचं गणित उलटं आहे हे विसरू नकोस. स्विच बंद करतो तेव्हा ती वायर अर्थ होते आणि मॅग्नेटो गप्प बसतो. ती तुटली तर स्विच बंद असूनही मॅग्नेटो जिवंत. पंख्याला हात लावताना हे डोक्यात हवं.

आणि स्विचांच्या जागा. १९९७ मध्ये गायक जॉन डेन्व्हर माँटेरेच्या खाडीत कोसळला, ते विमानही हौशी बांधणीचं, लाँग-ईझी. बांधणाऱ्याने इंधनाचा खटका मूळ आराखड्यातल्या जागेवरून हलवून पायलटच्या डाव्या खांद्यामागे नेला होता. तिथे हात पोचवायचा तर अंग वळवावं लागे. तो इंधनाचा होता, तुझा विजेचा असेल, तर्क तोच. ती आपत्कालीन वाट उघडणारा स्विच डोळे मिटून सापडला पाहिजे, आणि शेजारच्या तसल्याच चार स्विचांच्या रांगेत नको.

तुझ्या बाबाला वाटतं, मी तुला घाबरवतेय. तसं नाही. डिसेंबरात तिकडे साडेचारलाच सूर्य मावळतो, तेव्हा रात्री उडणार नाही हे तुझं वचन मी फारसं मनावर घेतलेलं नाही. फक्त सुरुवातीचे चाचणीचे तास संपेपर्यंत अंधारात जाऊ नकोस. अमेरिकेत विमान अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबीने २०१२ मध्ये हौशी विमानांच्या अपघातांचा अभ्यास केला, त्यातही नव्या विमानाचे पहिले तासच जास्त धोक्याचे निघाले. त्या तासांतल्या एका निरभ्र दुपारी, धावपट्टीवरच घिरट्या घालत, अल्टरनेटर मुद्दाम बंद कर, छोट्या वाटेवर ये, दिवे लाव आणि घड्याळ लाव. स्क्रीन कुरकुरायला लागेपर्यंत किती मिनिटं मिळाली ते लिहून ठेव. बॅटरी म्हातारी होईल तशी ती कमी होतील, म्हणून दरवर्षी पुन्हा मोज आणि नवी चिठ्ठी पॅनेलवर चिकटव. पहिला आकडा मला फोनवर सांग.

तुझी,
आत्या